घाई नेमकी कुणाला?

२८ जून १९९५ रोजी टोरांटोच्या स्कायडोममध्ये एनबीएचा ड्राफ्ट झाला. पहिल्या पाच नावांत चार पॉवर फॉरवर्ड होते. जो स्मिथ पहिला, अँटोनियो मॅकडाइस दुसरा, रशीद वॉलेस चौथा आणि केव्हिन गार्नेट पाचवा. स्मिथ मेरिलँडकडून, मॅकडाइस अलाबामाकडून, वॉलेस नॉर्थ कॅरोलायनाकडून दोन-दोन वर्षं कॉलेजचं बास्केटबॉल खेळून आले होते. गार्नेट मात्र शिकागोच्या फॅरागट अकॅडमीतून, शाळा संपवून थेट आला होता. शाळेतून सरळ ड्राफ्टमध्ये निवडला जाणारा वीस वर्षांतला तो पहिलाच खेळाडू.

पहिल्या हंगामाचे आकडे कॉलेजच्या बाजूने बोलत होते. स्मिथने सरासरी १५.३ गुण केले, गार्नेटने १०.४. पुढे मात्र चौघांच्या वाटा फुटल्या. स्मिथ १६ हंगाम खेळला, पण १२ वेगवेगळ्या संघांकडून. त्याला घर असं मिळालंच नाही. मॅकडाइसच्या ऐन बहरात गुडघा आडवा आला. वॉलेसने २००४ साली डेट्रॉइटबरोबर विजेतेपद मिळवलं. गार्नेट त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २००८ साली बॉस्टनबरोबर विजेता झाला आणि २०२०च्या यादीतून हॉल ऑफ फेममध्ये गेला.

एवढ्यावरून ‘कॉलेज कशाला हवं’ असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. त्यांनी २००१ सालचा ड्राफ्टही पाहावा. वॉशिंग्टनने पहिल्या क्रमांकावर क्वामी ब्राउनला घेतलं. शाळेतून थेट येऊन पहिला क्रमांक मिळवणारा तो पहिला. संघाच्या कारभाराची सूत्रं मायकेल जॉर्डनकडे होती, आणि काही महिन्यांत जॉर्डन स्वतःच खेळाडू म्हणून त्याच संघात उतरला. ब्राउनची पहिल्या हंगामातली सरासरी ४.५ गुण. तिसऱ्या क्रमांकावर आला होता पाऊ गासोल. बार्सिलोनाकडून मोठ्या माणसांच्या लीगमध्ये विजेतेपद मिळवून आलेल्या या पॉवर फॉरवर्डने पहिल्याच हंगामात १७.६ गुणांची सरासरी गाठली आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

म्हणजे दोन ड्राफ्ट, दोन उलट साक्षी. तरीही एनबीएने २००५ साली एका बाजूने कौल दिला. त्या वर्षी मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार अमेरिकी खेळाडूने ड्राफ्टच्या वर्षी १९ पूर्ण केली पाहिजेत आणि शाळा सुटून किमान एक वर्ष झालेलं असलं पाहिजे. तत्कालीन आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना वीसची अट हवी होती, तडजोड एकोणिसावर झाली. २०१८ साली कॉन्डोलीझा राइस यांच्या अध्यक्षतेखालच्या कॉलेज बास्केटबॉल आयोगाने ही अट काढण्याची शिफारस केली. २०२३च्या नव्या करारातही ती तशीच राहिली. प्रश्न अजून मिटलेला नाही. पॉवर फॉरवर्डच्या निमित्ताने तो तपासावा असं मला वाटतं, कारण हा वाद सुरू झाला तोच एका पॉवर फॉरवर्डमुळे, आणि घाईचा फायदा-तोटा या जागेवर जितका उघडा पडतो तितका दुसऱ्या कुठल्याही जागेवर पडत नाही.

त्या पहिल्या खेळाडूचं नाव स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटीचा, दहा भावंडांतला, लहानपणी कापूस वेचलेला. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णपदकात त्याचा मोठा वाटा होता. तेव्हा एनबीएचा नियम असा, की शाळा सुटून चार वर्षं होईपर्यंत दार बंद. हेवूड आधी एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला आणि पहिल्याच हंगामात तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९७० साली सिअ‍ॅटलने त्याला एनबीएत आणलं, लीगने हरकत घेतली, आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७१ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. त्यानंतर लीगने पळवाट काढली ती घरच्या हलाखीची. गरिबी सिद्ध केली तर लवकर येता येईल! आपल्याला कमवायची गरज आहे हे वीस वर्षांच्या मुलाने कागदपत्रांनिशी पटवून द्यायचं. काही वर्षांत हा नियमही गेला.

हेवूडचा मुद्दा साधा होता आणि तो आजही तितकाच खरा आहे. जो काम करू शकतो आणि ज्याला त्या कामाचे पैसे द्यायला कुणीतरी तयार आहे, त्याला वयाच्या नावाखाली अडवायचा अधिकार धंद्यातल्या मालकांनी एकत्र येऊन का घ्यावा? टेनिसमध्ये, बेसबॉलमध्ये, आइस हॉकीमध्ये अठरा वर्षांच्या मुलाला कुणी अडवत नाही. बास्केटबॉलमध्ये अडवलं जातं, आणि ज्यांना अडवलं जातं त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय घरांतले असतात. २००५ साली जर्मेन ओनील या शाळेतून थेट आलेल्या खेळाडूने हे जाहीरपणे बोलून दाखवलं तेव्हा बरीच आदळआपट झाली. प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही.

पॉवर फॉरवर्डचं काम जवळून पाहावं. प्रतिस्पर्ध्याने शॉट मारला की प्रेक्षकांची नजर चेंडूबरोबर वर जाते. चार नंबरच्या खेळाडूची, म्हणजे पॉवर फॉरवर्डची, जाऊन चालत नाही. त्याने आधी आपला माणूस शोधायचा, त्याच्याकडे पाठ करायची, कंबर खाली घालायची, पाय फाकवून त्याच्या मांड्यांना आपल्या पाठीमागच्या वजनाने रेटायचं आणि मग वर पाहायचं. याला बॉक्स-आउट म्हणतात. चेंडू रिंगवर आदळून खाली येईपर्यंतच्या त्या क्षणात मागचा माणूस कोपराने, गुडघ्याने, छातीने जागा मागत असतो. १९९५ साली हा मागचा माणूस कार्ल मलोन किंवा चार्ल्स बार्कली असायचा. तिशी ओलांडलेले, हाडापेराने रुंद, कुठे ढकललं की पंचाला दिसत नाही हे पाठ असलेले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची उंची पूर्ण झालेली असते. त्या उंचीला पेलणारं मांस अंगावर चढायला अजून तीन-चार वर्षं लागतात. गार्ड वेगावर निभावून नेतो. पॉवर फॉरवर्डला निभावून नेता येत नाही.

म्हणून थांबण्याच्या बाजूचा सगळ्यात मजबूत साक्षीदार टिम डंकन आहे. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा हा मुलगा पोहणारा होता. १९८९च्या ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा तलाव उद्ध्वस्त केला आणि पोहणं सुटलं. पुढच्याच वर्षी त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आई कर्करोगाने गेली. पदवी पूर्ण करायचं वचन त्याने आईला दिलेलं होतं. वेक फॉरेस्ट विद्यापीठात दोन वर्षं झाली तेव्हाच, म्हणजे १९९५ सालीच, तो ड्राफ्टमध्ये अगदी वर जाईल अशी चर्चा होती. तो गेला नाही. चारही वर्षं राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ साली पहिल्या क्रमांकाने सॅन अँटोनियोत दाखल झाला. पहिल्या हंगामात २१.१ गुण आणि ११.९ रिबाउंड. दुसऱ्याच हंगामात विजेतेपद. एकूण १९ हंगाम, एकच संघ, पाच विजेतेपदं. बोर्डावर चेंडू टेकवून बास्केट करणारा त्याचा तो शॉट पाहताना जाणवायचं, की या माणसाला कशाचीच घाई नाही.

डंकनचं उदाहरण ऐकवलं की वाद संपला असं कॉलेजवाल्यांना वाटतं. पण त्यातली एक गोष्ट बाजूला सारली जाते. सॅन अँटोनियोला पहिला क्रमांक मिळाला, कारण डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे जवळजवळ पूर्ण हंगाम बाहेर होता आणि संघाने जेमतेम वीस सामने जिंकले होते. रॉबिन्सन परतला, आणि डंकनला शेजारी लीगमधला एक थोर सेंटर मिळाला, वर ग्रेग पोपोविचसारखा प्रशिक्षक मिळाला. चार वर्षांच्या तयारीला इतकी सुपीक जमीन दर वेळी मिळत नाही. जो स्मिथलाही दोन वर्षांची तयारी होती. त्याला जमीन मिळाली नाही.

इथे मला डर्क नोवित्स्कीकडे वळावंसं वाटतं, आणि त्याच्याजवळ जरा जास्त वेळ थांबावंसंही वाटतं. कारण ‘शाळा की कॉलेज’ हा अमेरिकेतला वाद त्याच्यापाशी येऊन थिटा पडतो.

१९७८ साली जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमध्ये जन्मलेला डर्क खेळाडूंच्याच घरातला. आई बास्केटबॉलमध्ये जर्मनीकडून खेळलेली, वडील हँडबॉल खेळणारे. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो होल्गर गेश्विंडनर यांच्या नजरेला पडला. गेश्विंडनर १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेले आणि शिक्षणाने गणित-भौतिकशास्त्राचे. त्यांनी या उंच मुलाला रिंगखाली नेऊन उभं केलं नाही. त्याला नेमबाजी शिकवली. हात किती वर, बोटं किती पसरलेली, चेंडू कुठल्या कमानीने गेला तर चूक पोटात घालूनही रिंगमधून जाईल, याचं गणित मांडून शिकवली. वल्हवायला लावलं, वाद्य शिकायला लावलं, पुस्तकं वाचायला लावली. आपल्याकडचा जुना वस्ताद पोराला बाहेरच्या कुस्तीला सोडण्याआधी तालमीतच वर्षानुवर्षं मुरवायचा, तसं हे मुरवणं होतं. क्लब होता डीजेके व्युर्झबुर्ग, तोही जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतला.

मार्च १९९८मध्ये सॅन अँटोनियोत झालेल्या हूप समिटमध्ये त्याने अमेरिकेच्या उत्तम शालेय खेळाडूंविरुद्ध ३३ गुण आणि १४ रिबाउंड केले, तेव्हा अमेरिकेला त्याचं नाव कळलं. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये मिलवॉकीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. मोबदल्यात त्यांना मिळालेला रॉबर्ट ट्रेलर हाही पॉवर फॉरवर्डच. (पंधरा वर्षांनी याच मिलवॉकीने पंधराव्या क्रमांकावर यानिस आंतेतोकुम्पोला उचललं आणि त्याला मात्र सोडलं नाही.)

पहिला हंगाम वाईट गेला. मालक-खेळाडू संघर्षामुळे तो हंगाम पन्नास सामन्यांचा झाला होता. डर्कची सरासरी ८.२ गुण आणि ३.४ रिबाउंड. बॉक्स-आउटमध्ये मोठी माणसं त्याला सहज हलवायची. परत जर्मनीला जावं असं तेव्हा मनात आलं होतं, हे त्याने पुढे स्वतः सांगितलं आहे. डॅलसचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी मात्र त्याला मलोन करायचा प्रयत्न केला नाही. सात फुटी माणसाने तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारावं, हे त्या काळात अनेकांना लाड वाटत होते. नेल्सन यांनी ते खुशाल होऊ दिलं. दुसऱ्या हंगामात सरासरी १७.५वर गेली. गेश्विंडनर दर उन्हाळ्यात होतेच.

त्या उन्हाळ्यांमधूनच त्याचा एका पायावरचा शॉट घडत गेला. पाठीशी बचाव करणारा, चेंडू हातात. डर्क डाव्या पायावर वळतो, उजवा गुडघा वर उचलतो, अंग मागे टाकतो आणि चेंडू डोक्यावरून सोडतो. तो उचललेला गुडघाच समोरच्याला हातभर लांब ठेवतो. धक्काबुक्कीत आपण कमी पडतो हे ओळखून धक्काबुक्कीची गरजच उरू नये अशी रचना त्याने उभी केली होती. यश लगेच आलं असंही नाही. २००६च्या अंतिम फेरीत मायामीविरुद्ध २-० आघाडी घेऊन डॅलस ४-२ हरलं. २००७ साली ६७ सामने जिंकून तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटकडून हरला. पुरस्कार स्वीकारायची वेळ आली तेव्हा संघ स्पर्धेबाहेर होता. २०११ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने त्याच मायामीला हरवून विजेतेपद मिळवलं. एकूण २१ हंगाम, एकच संघ, ३१,५६० गुण.

डर्कने वाट पाहिली की नाही? कॉलेजची पायरी तो चढलाच नाही; नुकती वीस वर्षं पूर्ण झालेली असताना एनबीएत निवडला गेला. तरीही त्याच्याइतकी वाट क्वचितच कुणी पाहिली असेल. फरक इतकाच, की ती वाट पाहण्यासाठी त्याला कुणी बाहेर उभं केलं नव्हतं. तो आत होता, पगार घेत होता, आणि त्याच्या आजूबाजूची माणसं त्याच्यासाठी थांबत होती.

गार्नेटचंही नीट पाहिलं तर तेच दिसतं. मिनेसोटाच्या कारभारात होता केव्हिन मकहेल, बॉस्टनचा एके काळचा अव्वल पॉवर फॉरवर्ड, रिंगखालच्या पायांच्या हालचालींचा मोठा जाणकार. हंगामाच्या मध्यात फ्लिप सॉन्डर्स प्रशिक्षक झाले आणि त्यांनी गार्नेटला हळूहळू सुरुवातीच्या पाचांत आणलं. त्याच्या आधी त्या जागेवर होता सॅम मिचेल. १९८५ साली निवडला जाऊनही एनबीएत प्रत्यक्ष खेळायला चार वर्षं लागलेला, मधल्या काळात छोट्या लीगमध्ये आणि फ्रान्समध्ये खेळलेला बत्तीस वर्षांचा माणूस. ज्या मुलाकडे आपली जागा जाणार हे दिसत होतं, त्यालाच त्याने व्यावसायिक खेळाडूची दिनचर्या शिकवली. वीस वर्षांनी गार्नेट मिनेसोटात परतला; पुढच्या हंगामात सॉन्डर्स यांच्या निधनानंतर मिचेलच प्रशिक्षक होता, आणि गार्नेट वीस वर्षांच्या कार्ल-अँथनी टाउन्सला हाताशी धरून शिकवत होता.

जर्मेन ओनीलचा मार्ग याहून खडतर. १९९६ साली पोर्टलंडने त्याला शाळेतून थेट, सतराव्या क्रमांकावर घेतलं. पुढे वॉलेस, सबोनिस अशी मातब्बर माणसं. चार हंगाम तो बहुतेक बेंचवरच बसला. सरासरी चार गुणांच्याही आत. इंडियानाने २००० साली त्याला आपल्याकडे घेतलं, २००२ साली तो सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू ठरला आणि सहा वेळा ऑल-स्टार झाला. कॉलेजात ती चार वर्षं तो रोज खेळला असता, हे म्हणणं रास्त आहे. पण त्या चार वर्षांचा पगार त्याच्या घरी गेला आणि सरावात रोज वॉलेससारख्यांना तोंड द्यावं लागलं, हेही तितकंच रास्त आहे. या हिशेबात मला कुठलंच पारडं ठामपणे खाली गेलेलं दिसत नाही.

लिऑन स्मिथच्या बाबतीत मात्र एक पारडं ठामपणे खाली जातं, आणि दार उघडं टाका म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्याच्याकडे पाहायला हवं. शिकागोत सरकारी देखरेखीखाली वाढलेला हा मुलगा १९९९ साली पहिल्या फेरीतल्या शेवटच्या, २९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि डॅलसच्या वाट्याला आला. संघाला तो तयार वाटत नव्हता, त्याने आधी छोट्या लीगमध्ये खेळावं असं त्यांचं म्हणणं होतं, त्याला ते मान्य नव्हतं. काही महिन्यांत तो मनाने कोलमडला, रुग्णालयात गेला. डॅलसकडून तो एकही सामना खेळला नाही. संघ तोच, डर्कला सांभाळणारा. डर्कच्या मागे आई-वडील होते, गेश्विंडनर होते. स्मिथच्या मागे कुणी नव्हतं, आणि करार करताना ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

एक वर्षाच्या अटीने अशा मुलांचं रक्षण होतं का? २०१३चा ड्राफ्ट पाहा. पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेट, पॉवर फॉरवर्ड, नियमाप्रमाणे नेवाडात एक वर्ष कॉलेज खेळून आलेला. पहिल्या हंगामात सरासरी ४.२ गुण, आणि चार हंगामांत एनबीएतून बाहेर. क्वामी ब्राउन निदान बारा हंगाम टिकला. त्याच ड्राफ्टमध्ये पंधरावा आलेला यानिस ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीतून, अथेन्सच्या रस्त्यांवर वस्तू विकून घर चालवायला मदत करत आलेला. पहिल्या हंगामात ६.८ गुण. मिलवॉकी थांबली, आणि २०२१ साली अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले.

मग एका वर्षाने कुणाचं भलं होतं? पैशाचा हिशेब मांडला की उत्तर दिसतं. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार ठरलेल्या श्रेणीतला असतो: दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. त्यानंतरच्या कराराची कमाल मर्यादा सेवेच्या वर्षांवर ठरते. सहा वर्षांपर्यंत संघाच्या वेतनमर्यादेच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० टक्के, दहा झाल्यावर ३५ टक्के. दारात एक वर्ष थांबवलं की हा सगळा जिना एक वर्षाने पुढे सरकतो. वरची टोकाची वर्षं मात्र गुडघे ठरवतात, ती पुढे सरकत नाहीत. म्हणजे थांबलेल्या मुलाचं पहिलं, स्वस्तातलं वर्ष जात नाही, शेवटचं, सगळ्यात महाग वर्ष जातं. आणि संघाला काय मिळतं? कॉलेजच्या खर्चाने झालेली वर्षभराची फुकट चाचणी. हायस्कूलच्या जिममध्ये बसून अठरा वर्षांच्या मुलाची पारख करताना आपण चुकतो, हे क्वामी ब्राउनने मालकांना शिकवलं. त्या चुकीची किंमत त्यांनी मुलांकडून वसूल केली.

कॉलेजांचाही वाटा होताच. मार्चमधल्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा २०१०चा करार चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा होता, आणि खेळणाऱ्याला मिळायची शिष्यवृत्ती. इथे एक बदल झाला आहे आणि तो मोठा आहे. २०२१पासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवू शकतात, आणि २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे एक वर्षाची अट आता पूर्वीइतकी जाचक राहिली नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. अव्वल मुलाचं पोट आता रिकामं राहत नाही, हे खरं. पण वरचा जिना अजूनही उशिराच सुरू होतो.

खेळही बदलला आहे. आजचा चार नंबर रेषेबाहेरून मारतो, चेंडू वाटतो, बचावात पाचही जागांवरच्या माणसांना अडवतो. मलोनसारख्या रुंद खांद्यांची सक्ती कमी झाली, तशी ‘अंग भरेपर्यंत थांबा’ या युक्तिवादाची धारही कमी झाली. त्याच्या जागी समज आली आहे, आणि समजेला वेळ लागतोच. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं राहिला, २०१२ साली ३५वा निवडला गेला, आणि गोल्डन स्टेटच्या विजेतेपदांचा कणा बनला. त्याची चार वर्षं वाया गेली असं कुणीच म्हणणार नाही. त्याला ती हवी होती. पण त्याने ती स्वतः निवडली होती.

आपल्याकडच्या पालकांचाही या प्रश्नाशी संबंध येऊ लागला आहे. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ साली ५२व्या क्रमांकावर डॅलसनेच निवडला. तो सेंटर. एनबीएचा सामना त्याला खेळायला मिळाला नाही. प्रिन्सपाल सिंग हा पॉवर फॉरवर्ड ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकॅडमीतून जी लीग या एनबीएच्या छोट्या लीगमधल्या इग्नाइट संघात गेला. शाळेनंतर कॉलेजऐवजी पगार घेऊन शिकण्याची सोय म्हणून २०२० साली काढलेला तो संघ. कॉलेजात पैसा आल्यावर २०२४ साली तो बंद झाला. मधली एक वाट चार वर्षांतच मिटली. नागपाड्याच्या किंवा पुण्याच्या कोर्टवर खेळणाऱ्या सहा-सात फुटी मुलाच्या घरच्यांनी ही वाट कुठे जाते हे विचारताना ती उद्या राहील का, हेही विचारावं.

माझं मत असं, की वयाची आणि वर्षाची अट काढावी. अठरा पूर्ण झालेल्या, शाळा संपवलेल्या मुलाला ड्राफ्टमध्ये यायचं असेल तर येऊ द्यावं. निवड झाली नाही तर कॉलेजात खेळायचा त्याचा हक्क बिनशर्त शाबूत राहावा. पण इथेच थांबलो तर लिऑन स्मिथचं काय, याचं उत्तर मिळत नाही. म्हणून वीस वर्षांच्या आतला खेळाडू निवडणाऱ्या संघाने चारही वर्षं पक्की द्यावीत, त्यातली दोन संघाच्या मर्जीवर नसावीत. पदवीचा खर्च करारात बांधलेला असावा. आणि संघाच्या पगारावर नसलेला, खेळाडू संघटनेने नेमलेला समुपदेशक पहिल्या दिवसापासून त्या मुलासोबत असावा.

याला दोन आक्षेप येतील. पहिला, की मग संघ अठरा वर्षांच्यांना घेणारच नाहीत. काहींना घेणार नाहीत, हे खरं. ज्यांच्यावर चार वर्षं लावायची तयारी नाही त्यांना घेऊ नये, यात माझ्या दृष्टीने नुकसान नाही. दुसरा आक्षेप खेळाडूंकडूनच येतो आणि तो जास्त अवघड आहे. संघात जागा पंधरा. एक कच्चा मुलगा चार वर्षं पक्का झाला की एक जुना खेळाडू बाहेर जातो, आणि जाणारा बहुधा सॅम मिचेलसारखाच असतो. मुलाला शिकवणारा माणूसच घालवून मुलाला आत घेणं, हा खुळेपणा होईल. त्यासाठी वीस वर्षांच्या आतल्या खेळाडूची जागा पंधरांच्या बाहेर, सोळावी म्हणून धरावी आणि तिचा खर्च मालकांनी उचलावा. सध्याचा करार २०२९-३०पर्यंत चालतो, आणि दोन्ही बाजूंना त्यातून एक वर्ष आधी बाहेर पडता येतं. वाटाघाटीच्या टेबलावर हा मुद्दा खेळाडू संघटनेने आणावा लागेल, कारण मालकांना तो आणायचं काही कारण नाही.